बडबड्या बर्थाचं डोकं

वर्ना किटल्सन स्टुडिओत कुणालाच आवडत नसे, आणि कुणाला आवडावं म्हणून तिने कधी बोटही हलवलं नव्हतं. हॉलिवूडच्या ज्या भागात नटनट्या फिरकत नाहीत तिथे पेनहॅलोसाहेबांचा कार्टूनचा कारखाना होता. कारखानाच म्हणायचा. वरच्या मजल्यावर पुरुष चित्रं काढत. खालच्या मजल्यावर बायका ती चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानांवर गिरवत आणि पानं उलटी करून मागून रंगवत. या सगळ्यांच्या शेवटी, कॅमेऱ्याच्या खोलीच्या दाराशी, वर्नाचं तपासणीचं टेबल. बत्तिसाव्या पानावर कोटाला चार बटणं आणि तेहतिसाव्यावर तीन, की फोल्डर परत. रेष केसभर जाड, की फोल्डर परत. तिचा जांभळा शिक्का पडल्याशिवाय कॅमेरावाला दिवेसुद्धा लावत नसे.

मूळची ती मिनेसोटातल्या गोठ्यातली. म्हणजे बापाच्या अठरा गाई होत्या आणि पहाटे चारला दूध काढायला हीच उठायची. नवरा क्षयाने गेला तेव्हा चार वर्षांच्या ओरिनला घेऊन ती लॉस एंजेलिसला आली, किराणा दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग इथे चिकटली. सोळा वर्षांत तिच्या तोंडून कामाशिवाय दोन शब्द ऐकल्याचं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका अंगणात नवरे, मोजे आणि साखरेची कुपनं यांवर तोंडाचा पट्टा सोडत. वर्ना टेबलाशीच बसून डबा खाई आणि डब्याचं झाकणसुद्धा आवाज न करता लावी.

युद्ध लागल्यावर ससे, कोंबड्या आणि गाणारी झाडं बाजूला पडली. आता नौदलासाठी आणि लष्करासाठी तीन-तीन मिनिटांची चित्रं व्हायला लागली. शत्रू ठरलेले होते. एक आखूड मिशीचा, त्याची विजार सारखी घसरायची. एक मोठ्या जबड्याचा, छातीवर बिल्ल्यांची माळ. आणि जपानी तर शेकड्यांनी, पण तोंड सगळ्यांचं एकच, गोल चष्मा आणि पुढे आलेले दात. पिवळ्या रंगाची बरणी दर आठवड्याला सगळ्यांत आधी संपायची. नमुन्याच्या कागदावर दात बारा होते. पानावर अकरा दिसले की वर्ना परत पाठवी. असा माणूस जगात कुठे असतो का, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिचा ओरिन पॅसिफिकमध्ये एका विनाशिकेवर होता, आणि ज्यांचे बॉम्ब त्या पाण्यात पडत होते त्यांचे दात मोजण्यापलीकडे तिला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींना एक खोड होती. एकमेकांची वेडीवाकडी चित्रं काढायची आणि खाली जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या फळ्यावर टाचायची. कुणाचं पोट, कुणाचं टक्कल, कुणाच्या बायकोची उंची. ज्याचं चित्र लागलं त्याने हसायचं, हा नियम. जो चिडला त्याची महिनाभर धडगत नसे. वर्ना चिडली नाही आणि हसलीही नाही. ती फळ्यासमोरून अशी जायची जशी काही तिथे भिंतच आहे. चित्रकारांना हे जास्त झोंबायचं.

त्यातला लायल ट्विडी नावाचा तिशीचा चित्रकार तर तिच्यावर दात धरूनच होता. त्याचा हात सोन्याचा होता, हे वर्नाही नाकारत नसे. पण सोन्याचा हात घाईत असला की कानच काढायला विसरायचा, आणि त्याची फोल्डरं सगळ्यांत जास्त वेळा परत जायची.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये नौदलाकडून नवं काम आलं. विषय असा की घरची माणसं वाट्टेल तिथे बोलतात आणि त्यापायी जहाजं बुडतात. नायिका एक म्हातारी, बडबडी बर्था. ती ट्राममध्ये, खाटकाच्या दुकानात, केस कापायला गेल्यावर, सगळीकडे सांगत सुटते की आमचा मुलगा अमुक बंदरातून तमुक तारखेला निघणार. कोबीच्या गड्ड्यात लपलेला मिशीवाला ऐकतो, टेलिफोन फिरतो, शेवटी जहाज बुडतं आणि बर्था तरीही बोलतच राहते. चित्र सगळ्या जहाजांवर आणि सगळ्या छावण्यांत दाखवायचं होतं. बर्थाला चेहरा देण्याचं काम लायलकडे आलं.

पहिलं फोल्डर वर्नाच्या टेबलावर आलं त्या दिवशी खालच्या मजल्यावर कधी नव्हे इतकी शांतता होती. तिने फोल्डर उघडलं. लांबट हनुवटी, साखळीला अडकवलेला चष्मा, अंबाड्यात खुपसलेली पेन्सिल आणि टेबलावर ठकठक करणारं उजव्या हाताचं बोट. चेहरा तिचाच होता, फक्त त्याचं तोंड उघडं होतं. पुढच्या पानावर आणखी उघडं. अशी साठ पानं. तिने साठही पानं एकेक करून पाहिली, कारण ते तिचं काम होतं. मग ती उठली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर गेली.

"हे बदल," तिने लायलला सांगितलं.

"काय चुकलंय? सांगा की बाईसाहेब, तुम्हाला तर सगळ्यांच्या चुका सापडतात."

"माझा मुलगा जहाजावर आहे."

"म्हणूनच तर. लेकाला आईची आठवण येत असेल, जरा दर्शन होईल." बाजूच्या टेबलांवरून हशा झाला. लायलला चेव आला. "आणि एवढं काय मनाला लावून घेता? फळ्यावर सगळ्यांची लागतात. आम्ही हसतो ना?"

"फळा या इमारतीत आहे," वर्ना म्हणाली आणि खाली आली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती म्हातारी दिसते म्हणून नव्हे. आरशात ती रोज बघत होती. पण ओरिन निघाला तेव्हा स्टेशनवर त्याने तिच्या कानात बंदराचं नाव सांगितलं होतं. ते नाव तिने शेजारणीला सांगितलं नाही, पाद्र्याला सांगितलं नाही, एकदा तर स्वतःशी पुटपुटताना स्वतःलाच गप्प केलं. आणि आता दोनशे खलाशांमध्ये बसून तिचा मुलगा बघणार, की आपल्या आईच्या तोंडाने जहाज बुडतंय. शेजारचा कोपर मारून विचारणार, अरे ही तुझ्या खिशातल्या फोटोतली बाई ना? ओरिन हसेल की मान खाली घालेल हे तिला कळत नव्हतं, आणि दोन्ही तिला चालणार नव्हतं.

मग तिने आपल्याजवळ होतं ते हत्यार काढलं. बर्थाचं एकेक फोल्डर परत जायला लागलं. हनुवटीची रेष जाड. चष्म्याची साखळी एका पानावर सात कड्यांची, दुसऱ्यावर आठ. दातांच्या पांढऱ्यात धूळ. यातलं खोटं काहीच नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. पेनहॅलोसाहेबांनी स्वतः खाली येऊन भिंग लावून पाहिलं आणि साखळीची कडी मोजून मुकाट्याने परत गेले. दीड महिना हे चाललं. यात हाल झाले ते रंगाच्या टेबलावरच्या बायकांचे. पानं पुसायची, पुन्हा गिरवायची, पुन्हा रंगवायची. त्या वर्नाच्या नावाने बोटं मोडत. एकीने तिच्या छत्रीत जांभळी शाई ओतली.

बोटं न मोडणारी एकच, असुंता ट्रापानी. लिंकन हाइट्समधली इटालियन बाई, नवरा बेकरीत, मुलगा साल्वातोरे लष्करात, आफ्रिकेत कुठेतरी. डोक्याला रुमाल, कानात मोठ्या बाळ्या, बोलताना दोन्ही हात हवेत. आदल्या वर्षीपर्यंत ती सरकारदरबारी शत्रूच्या देशाची म्हणून नोंदलेली होती. घरातला रेडिओ पोलिसांनी नेला होता आणि ठाण्यावर बोटांचे ठसे द्यावे लागले होते. त्या आठवड्यात चौथ्यांदा परत आलेलं फोल्डर घेताना ती वर्नाला म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पोरगा बघणार म्हणजे काय." वर्नाने मान हलवली. आभार मानायची तिला सवय नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र नौदलाकडे जायचं होतं. पाच दिवस उरले तेव्हा साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं. तारीख चुकली तर पुढची सहा कामं दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार होती. साहेब थकलेले होते, त्यामुळे गोड बोलले.

चेहरा बदलू, ते म्हणाले. धड एका पानावर असतं आणि डोकं त्याच्यावरच्या दुसऱ्या पानावर, तेव्हा धड तसंच ठेवून डोकी तेवढी नवी करायची, सातशेच्या आसपास. मात्र डोकं आत्ताच्या आत्ता ठरायला हवं. नवीन रचत बसायला वेळ नाही. आणि वर्नाने आज नमुन्यावर शिक्का मारायचा, मग एकही पान परत पाठवायचं नाही.

लायलने रागारागात फळ्यावरची चित्रं उपटून आणली आणि टेबलावर पसरली. "घ्या. माझी बर्था तर तुम्ही मारलीत. आता तुम्हीच निवडा."

चित्रं बहुतेक पुरुषांची होती. बायका तीनच. एक साहेबांची पुतणी, तिच्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं. दुसरी गिरवणाऱ्या मुलींची मुकादम, ती त्याच दिवशी राजीनामा फेकून वीस मुली घेऊन गेली असती. तिसरी असुंता. रुमाल, बाळ्या, वरच्या ओठावरची लव, उघडं तोंड.

वर्नाने चित्राकडे तपासनिसाच्या नजरेने पाहिलं. धडाची मान आखूड होती, असुंताचीही आखूड. गळ्याची रेष जुळत होती. जबडा मूळच्या बोलण्याच्या हालचालींवर बसत होता. शिवाय हे चित्र फळ्यावर लागलं तेव्हा असुंता सगळ्यांत मोठ्याने हसली होती, मग तिला काय वाटायचंय, असंही वर्नाच्या मनात आलं. मनात आणखीही काही होतं, पण ते तिने पाहिलं नाही.

"हे बसेल," तिने चित्रावर बोट ठेवून सांगितलं.

लायलने उरलेली चित्रं गोळा केली. "मी नीच आहेच," तो म्हणाला, "पण मी तोंड घेतलं ते तुमचं, आणि तुम्ही माझं वाकडं करू शकत होतात."

वर्नाने शिक्का मारला.

लायल कितीही कुरकुरला तरी हात कामाला लागल्यावर त्याला थांबवता येत नसे. इटालियन बाई म्हटल्यावर साहेबांना नवीन कल्पना सुचल्या. आवाज पुन्हा मुद्रित झाला, हेल काढून बोलणारा. बर्थाच्या पर्समधून त्या मोठ्या जबड्याच्या हुकूमशहाचा फोटो डोकावायला लागला. गोष्ट तीच, ट्राम तीच, खाटीक तोच. पण आधी ती वेंधळी आई होती, आता ती घरात शिरलेली शत्रूची बाई झाली. नौदलाचा लेफ्टनंट पाहून गेला आणि आधीपेक्षा हे फारच झकास जमलंय असं म्हणाला.

सातशे डोकी रंगवायला रंगाच्या टेबलावरच गेली. ओठांचा लाल असुंताकडे होता, नेहमीप्रमाणे. पहिला दिवस ती रंगवत राहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक पान दोन्ही हातांनी कडेला धरून ती वर्नाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. टोकाशी बोटं कापलेले पांढरे हातमोजे अजून हातात होते.

"हे आफ्रिकेत जाणार?"

"सगळीकडे जाणार."

"माझा सॅल तिकडे आहे."

वर्नाने समोरचं फोल्डर बंद केलं.

"माझं तोंड मीच रंगवतेय, याचं मला काही नाही. फळ्यावरचं चित्र मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं होतं. पण हा फोटो? पर्समधला? माझ्या घरात त्या माणसाचं नाव घेतलं तर माझा नवरा जेवणावरून उठतो." तिने पान टेबलावर ठेवलं. "बघा ना. तुम्हाला सापडेल काहीतरी. एकच परत पाठवा. एक फोल्डर अडलं तर तारीख जाईल."

वर्नाने पान उजेडासमोर धरलं. ती खरंच पाहत होती. रेष सारखी होती. लाल कडेपर्यंत भरला होता, कुठे बुडबुडा नाही, कुठे बोटाचा डाग नाही. असुंताने आयुष्यात इतकं नीट पान रंगवलं नव्हतं. निष्काळजीपणा तिला येतच नव्हता, आणि खोटी चूक करून आणायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"यात काही चुकलेलं नाही," वर्ना म्हणाली.

"दीड महिना तुम्हाला रोज सापडत होतं."

"तेव्हा होतं."

असुंताने पान उचललं. तिचे हात त्या दिवशी हवेत गेले नाहीत. ती जागेवर जाऊन बसली आणि उरलेले ओठ रंगवले. नोकरी सोडायची ऐपत तिच्या घरात कुणाची नव्हती. चित्र वेळेवर गेलं.

वर्ना जिंकली होती, आणि ती जिंकल्यासारखी वागतही होती. ऑगस्टमध्ये ओरिनचं पत्र आलं. त्यांच्या जहाजावर डेकवर पडदा लावून एक कार्टून दाखवलं, त्यातल्या इटालियन बाईला बघून आम्ही पोट धरधरून हसलो, तुमच्याच स्टुडिओचं होतं म्हणे, तुझा शिक्का पडला असेल तर शाब्बास, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र तिने पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस ट्राममध्ये काढून काढून वाचलं. तिच्यापुरती गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्याच्या शेवटी असुंता पुन्हा टेबलाशी आली. मे महिन्यापासून ती वर्नाशी एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या हातात तळहाताएवढं पत्र होतं, लष्कराकडून फोटो काढून येतं तसलं.

"सॅलचं आहे," ती म्हणाली. "इंग्रजीत लिहितो. आमच्या भाषेत लिहिलं तर तपासणारे महिना महिना अडकवून ठेवतात. मला बोलता येतं, वाचता येत नाही. काल तिघींकडून वाचून घेतलं. तिघी एकाच ठिकाणी अडखळल्या आणि पुढे गेल्या. त्यांना माझी दया येते." तिने पत्र वर्नाच्या समोर ठेवलं. "तुम्हाला नाही येत. तुम्ही वाचा."

वर्नाने चष्मा लावला. ती ओळीखाली बोट धरून वाचायला लागली, पानं तपासायची तशीच. आई, मी बरा आहे. इथे माश्या फार. कॉफीत वाळू असते. बाबांच्या पावाची आठवण येते, पण त्यांना सांगू नकोस, फुगतील. पायाची जखम भरली. एका ओळीवर सेन्सॉरने काळं फासलं होतं, ते तिने तसं सांगितलं. परवा तंबूत एक कार्टून दाखवलं. मग तिचा आवाज थांबला, बोट सरकत राहिलं, आणि ती पुढचं वाचायला लागली, सगळ्यांना माझा नमस्कार, मावशीला सांग की मोजे पोचले.

"संपलं?" असुंताने विचारलं.

"हो."

"तुमचं बोट तीन ओळींवरून गेलं. तोंड नाही गेलं."

खालच्या मजल्यावर ब्रशांची टिकटिक थांबली होती. वर्ना त्या तीन ओळींकडे बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी दिसून न दिसल्यासारखं केलं होतं, आणि तेही धड जमलं नव्हतं.

"वाचा," असुंता म्हणाली. "माझ्याच मुलाचं आहे ना?"

वर्नाने वाचलं. आवाज तिचा नेहमीचाच होता, कोरडा. "पर्समध्ये फोटो ठेवणारी एक इटालियन बाई होती, आणि पोरं तिच्यावर ओरडत होती, मारा हिला. एकजण मला म्हणाला, ट्रापानी, ही तुझ्या फोटोतल्या आईसारखी दिसते रे. मी म्हणालो, कोण आहे ही, मी हिला ओळखत नाही, आणि तुझा फोटो मी आता पाकिटातून काढून ठेवलाय."

असुंता उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते वर्नाला दिसलं नाही, कारण तिने मान वर केली नाही.

"पुन्हा वाचा," असुंता म्हणाली.

वर्नाने ओळीखाली बोट ठेवलं आणि पुन्हा वाचलं.